डेमलो संख्या : दशमान आणि इतर पायांत

डेमलो संख्या हा पूर्णांकांचा एक प्रकार असून त्याचे नाव ठाणे जिल्ह्यातील डोंबिवली स्थानकावरून पडले आहे. गणिती द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांचा जन्म तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणूचा, माध्यमिक शिक्षण ठाणे शहरातले. पुढे त्यांनी देवळालीच्या शाळेत शिक्षकी केली. मुंबईपासून ३० मैलांवरच्या, जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या डोंबिवली स्थानकाला त्या काळी डेमलो म्हणत. ही कल्पना त्यांना तिथे सुचली.

अशा संख्येचे तीन भाग पडतात. डाव्या आणि उजव्या भागाची बेरीज केली की एकच अंक पुन्हा पुन्हा येतो, आणि मधला भागही त्याच अंकाचा असतो. २५५३ मध्ये २ + ३ = ५; १२३४३२१ मध्ये १२३ + ३२१ = ४४४ आणि मधोमध ४. यांतल्या १, १२१, १२३२१ अशा सर्वांत देखण्या संख्या म्हणजे १, ११, १११ यांचे वर्ग.

हे देखणेपण दशमानापुरते नाही. दशमानात दहा-दहाचे गट करून मोजतो, म्हणून त्याचा पाया दहा; बारा-बाराचे गट केले तर पाया बारा. ठाण्याच्या बाजारात केळी डझनाने घेतात. तेरा केळी म्हणजे एक डझन एक, बाराच्या पायात ‘११’. तेराचा वर्ग १६९, म्हणजे एक ग्रोस (बारा डझन), दोन डझन आणि एक : ‘१२१’. गुणाकार उभा मांडला तर स्तंभांमध्ये एकेक वाढत आणि मग एकेक घटत नुसते १ जमतात, त्यामुळे हातचा येईपर्यंत पाया कोणता याने काहीच बिघडत नाही.

हातचा येतो तेव्हाचे दृश्य मात्र पाहण्यासारखे आहे. दशमानात शेजारी मांडलेल्या नऊ एकांचा (१११११११११) वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. दहा एकांचा १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या चढणीतून ८ गायब! पंचमानात, म्हणजे पाचाच्या पायात, ‘११११’ (म्हणजे १५६) चा वर्ग ‘१२३४३२१’ (२४३३६), आणि ‘१११११’ चा ‘१२४००४३२१’. इथे चढणीतून ३ गळाला. मधल्या स्तंभात पायाइतके एक जमतात, तिथे ० राहून हातचा १ जातो. त्याच्या डावीकडचा स्तंभ पायाहून एकाने कमी असतो, तोही भरून ० होतो. त्यापुढचा, पाया उणे २ असलेला, एकाने वाढतो आणि हातचा तिथे थांबतो. म्हणून गळणारा अंक नेहमी पाया उणे २ असतो.

कापरेकरांचीच दुसरी कल्पना म्हणजे हर्षद संख्या : जिला आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती. हा गुण पायावर अवलंबून असतो. १२ जवळजवळ सर्वत्र हर्षद आहे, पण अष्टमानात (पाया आठ) ती ‘१४’ होते, बेरीज ५, आणि भाग जात नाही. डेमलो आणि हर्षद यांची गाठ मात्र हातचा येण्याच्या अगदी आधी प्रत्येक पायात पडते. नऊ एकांच्या वर्गाची अंकबेरीज ८१, आणि भाग जातो. पंचमानात ‘१२३४३२१’ ची बेरीज १६, आणि २४३३६ ÷ १६ = १५२१. कारण सोपे आहे. पायाच्या कोणत्याही घाताला पाया उणे १ ने भागले की बाकी १ उरते. तेव्हा पाया उणे १ इतके एक शेजारी मांडले की त्या संख्येला पाया उणे १ ने पूर्ण भाग जातो, आणि तिच्या वर्गाला (पाया उणे १) च्या वर्गाने. वर्गातल्या अंकांची बेरीजही नेमकी तितकीच असते.