फलक चालू असताना स्क्रीनसेव्हर येतो? सेटिंगला हात लावण्याआधी हे वाचा

संगणकाच्या पडद्यावर माहितीचा फलक दाखवणारं आमचं फलक-सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांकडून सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार म्हणजे, "फलक चालू असतो आणि मध्येच स्क्रीनसेव्हर येतो." नुसता आमचा प्रोग्राम चालवणाऱ्यांवर ही वेळ सहसा येत नाही, ती काळजी प्रोग्राम स्वतः घेतो. ती येते फलकाला जोडून स्वतःचा प्रोग्राम किंवा स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांवर, म्हणजे टोकन नंबर, मशीनची स्थिती, गाड्यांच्या वेळा असं काही वेगळ्या खिडकीत दाखवणाऱ्यांवर. हे पत्रक त्यांच्यासाठी आहे.

आमचं सांगणं एवढंच, की स्क्रीनसेव्हरची सेटिंग बदलू नका. आपलं काम चालू आहे तोवर थांब, अशी सिस्टिमला विनंती करा.

सेटिंग बदलण्याचा मोह का होतो ते आम्हाला कळतं. विंडोजवर 'सिस्टिम-पॅरामीटर्स-इन्फो' या फंक्शनने एका ओळीत स्क्रीनसेव्हर बंद होतो. प्रोग्राम सुरू होताना आधीची स्थिती वाचून ठेवायची, स्क्रीनसेव्हर बंद करायचा आणि प्रोग्राम संपताना जुनी स्थिती परत लावायची. कागदावर हे निर्दोष दिसतं, चाचणीतही चालतं. मग एक दिवस वीज जाते, किंवा कुणी टास्क मॅनेजरमधून प्रोग्राम बंद करतं. जुनी स्थिती परत लावणारी ओळ चालतच नाही. बदल वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये लिहिण्याचा फ्लॅग, म्हणजे फंक्शनला द्यायची खूण, दिलेला असेल, आणि तो बहुतेक वेळा दिलेला असतो, तर संगणक पुन्हा सुरू केला तरी स्क्रीनसेव्हर बंदच राहतो. पुढच्या वेळी तुमचा प्रोग्राम 'आधीची स्थिती' म्हणून 'बंद' हीच वाचतो आणि संपताना इमानदारीने 'बंद'च परत लावतो. मूळ सेटिंग काय होती हे आता कुठेच शिल्लक नसतं.

इथपर्यंत कुणाच्या काही लक्षात येत नाही. बऱ्याच ठिकाणी संगणकाचं कुलूप स्क्रीनसेव्हरवरच अवलंबून असतं. स्क्रीनसेव्हर गेला की कुलूपही जातं. काही आठवड्यांनी कुणाला तरी संगणक उघडा सापडतो, बोट आमच्या प्रोग्रामकडे दाखवलं जातं, आणि तुमची माणसं नि आमची माणसं अर्धा दिवस नोंदी चाळत बसतात. या एका चुकीवर आमचा जितका वेळ गेला आहे तितका दुसऱ्या कशावरही गेलेला नाही.

दर मिनिटाला माउस हलवणारे किंवा खोटी कळ दाबणारे छोटे प्रोग्रामही कृपा करून लावू नका. ती कळ समोर जी खिडकी असेल तिच्यात जाऊन पडते, कधी भरत असलेल्या अर्जात, कधी 'होय की नाही' विचारणाऱ्या चौकटीत. आणि फलक बंद झाला तरी हे प्रोग्राम चालूच राहतात.

विनंतीचं तसं नाही. विनंती करणारा प्रोग्राम कोसळला तर सिस्टिम ती विनंती आपोआप काढून टाकते. मागे साफसफाई उरत नाही. विंडोजवर त्यासाठी 'सेट-थ्रेड-एक्झिक्युशन-स्टेट' हे फंक्शन आहे. त्याला 'डिस्प्ले-रिक्वायर्ड' हा फ्लॅग द्या आणि सोबत 'कंटिन्युअस' नक्की द्या. 'कंटिन्युअस' विसरलात तर निष्क्रियतेचं घड्याळ फक्त एकदा शून्यावर येतं आणि पुन्हा चालू लागतं. मग 'थोडा वेळ चालतं आणि बंद पडतं' अशी तक्रार येते. दुसरी गोष्ट, ही विनंती थ्रेडला, म्हणजे प्रोग्रामच्या आत चालणाऱ्या कामाच्या एका धाग्याला, चिकटलेली असते. क्षणभरासाठी उघडलेल्या थ्रेडवरून ती केलीत तर थ्रेडबरोबर तीही संपते. प्रोग्राम असेपर्यंत जिवंत राहणाऱ्या थ्रेडवरूनच करा. विंडोज ७ पासून 'पॉवर-क्रिएट-रिक्वेस्ट' हा पर्यायही आहे. त्यात कारण लिहिता येतं, नंतर शोधणाऱ्याला ते फार उपयोगी पडतं.

इथेच चांगले अनुभवी प्रोग्रामरही अडकतात. डिस्प्ले बंद होणं आणि स्क्रीनसेव्हर सुरू होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'सेट-थ्रेड-एक्झिक्युशन-स्टेट' स्क्रीनसेव्हर थांबवत नाही, असं मायक्रोसॉफ्टच्या माहितीतच लिहिलेलं आहे. स्क्रीनसेव्हर सुरू होण्याआधी विंडोज समोरच्या खिडकीला 'सिस-कमांड' हा संदेश 'स्क्रीनसेव्ह' या किमतीसह पाठवतं. तो संदेश पुढे न पाठवता तिथेच अडवायचा. ताडून पाहताना किमतीचे शेवटचे ४ बिट वगळा, ते विंडोज स्वतःसाठी वापरतं. आमचा प्रोग्राम ही दोन्ही कामं करतो. पण संदेश समोरच्या खिडकीलाच जातो, त्यामुळे तुमची खिडकी आमच्या पुढे आली की अडवण्याची जबाबदारी तुमची होते. बहुतेक तक्रारींचं मूळ इथे सापडतं.

मॅकवर सोपं आहे. 'कॅफिनेट' ही कमांड 'डी' पर्यायासह वापरा आणि तिच्यापुढे तुमची स्क्रिप्ट लिहा. स्क्रिप्ट संपली की विनंतीही संपते. लिनक्सवर डी-बसवरून, म्हणजे प्रोग्राम एकमेकांना संदेश पाठवतात त्या व्यवस्थेवरून, 'इनहिबिट' (रोखून धरणं) मागता येतं, उत्तरात एक क्रमांक मिळतो, सोडताना तोच द्यायचा. मात्र शेल स्क्रिप्टमधून एकच संदेश पाठवून मोकळे झालात तर जोडणी लगेच तुटते आणि तिच्याबरोबर विनंतीही जाते. जोडणी उघडी ठेवा. ब्राउझरमध्ये फलक दाखवत असाल तर पडदा जागा ठेवणारा 'स्क्रीन वेक लॉक' आहे. तो फक्त सुरक्षित जोडणीवर, म्हणजे एचटीटीपीएसवर मिळतो. टॅब झाकला गेला की सुटतो आणि टॅब परत समोर आला तरी आपोआप मिळत नाही, पुन्हा मागावा लागतो.

काही ग्राहक विचारतात, "काहीही झालं तरी स्क्रीन चालू राहील असं तुम्ही का करत नाही?" तुमच्या सिस्टिम विभागाने धोरणातून पासवर्डसह स्क्रीनसेव्हर सक्तीचा केला असेल तर संदेश अडवूनही तो येतोच. विंडोजने हे मुद्दाम तसं ठेवलं आहे, आणि त्याला बगल देणारं काही आम्ही बसवणार नाही. संगणकाचं कुलूप कुणी काढायचं हे ठरवणं आमच्या हातात असू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. अशा ठिकाणी फलकासाठी वेगळं, मर्यादित अधिकारांचं खातं करून त्यापुरती धोरणात सूट मागा. त्या विभागासाठीचं पत्र आणि खात्याची मांडणी आम्ही करून देतो, देखभाल करारात ते धरलेलं आहे.

ओएलईडी पडदा असेल तर आणखी एक काळजी घ्या. एकच चित्र तासन्‌तास राहिलं की त्याचा डाग पडद्यावर कायमचा उमटू शकतो. जुन्या काचेच्या मॉनिटरवर याच कारणासाठी स्क्रीनसेव्हर आले होते. स्क्रीनसेव्हर थांबवलात की ती राखण तुमच्याकडे येते. आमचा फलक मजकूर अधूनमधून काही पिक्सेल सरकवतो आणि ठरवलेल्या वेळेनंतर विनंती सोडून पडदा झोपू देतो. तुमच्या खिडकीतही हे हवं असेल तर कळवा, आम्ही जोडून देऊ.

फोन करण्याआधी विंडोजवर प्रशासकाच्या अधिकाराने 'पॉवर-सीएफजी' ही कमांड 'रिक्वेस्ट्स' या पर्यायासह चालवा, मॅकवर 'पीएम-सेट'ने 'असर्शन्स'ची यादी घ्या. कोणत्या प्रोग्रामची विनंती चालू आहे ते तिथे दिसतं. या कमांडचं नेमकं इंग्रजी स्पेलिंग प्रोग्रामच्या मदत-पानावर आहे. ती यादी आणि त्या वेळी समोर कोणती खिडकी होती, एवढं पाठवा.