सेकंदाला आठ चित्रे : जपानी ॲनिमेच्या घडणीची पार्श्वभूमी

जपानी ॲनिमे, म्हणजे तिथले ॲनिमेशनपट आणि मालिका, पाहताना एक गोष्ट लवकर ध्यानात येते. पात्र बोलत असते तेव्हा बहुतेक वेळा त्याचे फक्त ओठ हलतात; खांदे, केस, हात जागच्या जागी असतात. मारामारीच्या ऐन क्षणी चित्र गोठते, पात्रामागून रेघांचे झोत तेवढे धावत राहतात आणि मोठाले डोळे पडदाभर पसरतात. आज या सगळ्याला जपानी शैली म्हटले जाते आणि त्यात चूक काही नाही. मात्र ही शैली कोणा चित्रकाराने आरंभीच ठरवून आखलेली नव्हती. पैसा आणि वेळ या दोन्हींची तंगी असताना दर आठवड्याला अर्ध्या तासाचा कार्यक्रम उभा करायचा, या निकडीतून तिचा मोठा भाग घडला.

जपानमध्ये चित्रपटगृहांसाठी पहिले ॲनिमेशनपट १९१७ मध्ये तयार झाले. (आपल्याकडे दादासाहेब फाळके साधारण याच सुमारास आगपेटीतल्या काड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ करून पाहत होते.) ते करणाऱ्या तिघांपैकी ओतेन शिमोकावा आणि जुनइची कोऊची हे दोघे मुळात व्यंगचित्रकार होते आणि तिसरे सेईतारो कितायामा हे चित्रकार. शिमोकावा हे राकुतेन कितझावा यांचे शिष्य. १९०५ मध्ये ‘तोक्यो पक’ हे रंगीत व्यंगचित्रांचे नियतकालिक सुरू करून जपानी वृत्तपत्रसृष्टीत व्यंगचित्राला मानाचे स्थान मिळवून दिले ते याच कितझावांनी. म्हणजे जपानी ॲनिमेशन व्यंगचित्रकाराच्या टेबलावरच जन्माला आले आणि ते नाते पुढेही तुटले नाही. शिमोकावांनी सुरुवातीला फळ्यावर खडूने चित्र काढून, त्याचे छायाचित्र घेऊन, ते पुसून पुन्हा काढण्याचा मार्ग चोखाळल्याचे सांगतात. कोऊचींचा ‘नामाकुरा गताना’ हा जेमतेम काही मिनिटांचा पट आज पाहायला मिळतो, कारण त्याची प्रत २००७ मध्ये ओसाकातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात सापडली. बोथट तलवार विकत घेतलेला एक सामुराई तिची धार वाटसरूंवर अजमावू पाहतो आणि उलट स्वतःच मार खातो, एवढीच त्याची गोष्ट. पण सामुराईच्या चेहऱ्यावरचे भाव एखाद्या कसलेल्या व्यंगचित्रासारखे नेमके आहेत. त्या काळातले बरेचसे चित्रपट १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत नष्ट झाले.

पुढच्या दोन दशकांत अमेरिकेत पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यांवर, म्हणजे ‘सेल’वर, चित्रे रंगवण्याची पद्धत रुळली होती. त्यामुळे मागचे दृश्य एकदाच काढून त्यावर फक्त हलणारे पात्र बदलत नेता येई. जपानी चित्रकारांना हे पत्रे महाग पडत. यासुजी मुराता यांच्यासारख्यांनी मग कागद कापून त्याचे अवयव सरकवण्यात प्रावीण्य मिळवले आणि नोबुरो ओफुजी यांनी चियोगामी या नक्षीदार कागदाचीच पात्रे केली. साधन तोकडे असल्याने जन्मलेली ही पहिली शैली म्हणता येईल.

याच काळात रस्त्यावर एक वेगळी चित्रकला बहरत होती. कामिशिबाईवाला सायकलच्या मागे लाकडी चौकट बांधून मोहल्ल्यात येई, लाकडाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर वाजवून मुलांना गोळा करी आणि चौकटीतली चित्रे एकामागून एक ओढत गोष्ट सांगे. आपल्याकडे पिंगुळीचे चित्रकथी पोथीतली चित्रे दाखवत रामायण गातात, जवळपास तसाच हा प्रकार. चित्र हलत नसे. ते हलल्याचा भास आवाजाने, नेमक्या थांब्याने आणि चित्र बाहेर ओढण्याच्या वेगाने निर्माण होई. कार्यक्रम फुकट असे, कारण कामिशिबाईवाल्याची कमाई गोळ्या-मिठाई विकण्यावर होती आणि मिठाई घेणाऱ्या मुलांना पुढे बसायला मिळे. चित्रकथेचा खर्च मिठाईने भागवण्याचा हा व्यवहार पुढे पुन्हा येणार आहे.

युद्धाने एकदाच पैसा ओतला. नौदलाच्या पाठबळावर मित्सुयो सेओ यांनी १९४३ मध्ये ‘मोमोतारोचे सागरी गरुड’ आणि १९४५ मध्ये ‘मोमोतारो : सागराचे दिव्य सैनिक’ केला. हा दुसरा ७४ मिनिटांचा, जपानचा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट. तो उघड प्रचारपट होता. पण एप्रिल १९४५ मध्ये, बॉम्बवर्षावाने जळालेल्या ओसाकात, जवळजवळ रिकाम्या चित्रपटगृहात तो पाहणारा सोळा वर्षांचा एक मुलगा भारावून गेला. त्या मुलाचे नाव ओसामू तेझुका.

तेझुका पुढे ओसाका विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडले, पण तोवर ते चित्रकथाकार म्हणून नावारूपाला आले होते. शिचिमा साकाई यांच्या कथेवर त्यांनी चितारलेले ‘नवे रत्नद्वीप’ हे १९४७ चे पुस्तक त्या दिवाळखोर काळात प्रचंड खपले. त्याची सुरुवातीची पाने अभ्यासण्यासारखी आहेत. एक मुलगा मोटारीतून बंदराकडे निघाला आहे, एवढाच प्रसंग. पण तो चौकटीमागून चौकट चालत राहतो, मोटार एकदा बाजूने दिसते, एकदा समोरून अंगावर येते, आणि जे एका चित्रात उरकता आले असते त्यासाठी तेझुका पाने खर्च करतात. स्थिर चित्रांच्या क्रमातून गती उभी करण्याची ही विद्या त्यांच्या हाती होती, म्हणून पुढचे धाडस शक्य झाले.

दरम्यान, १९५६ मध्ये तोएई या चित्रपट कंपनीने ॲनिमेशनचा स्वतंत्र स्टुडिओ काढला. पूर्वेचे डिस्ने व्हावे, ही तिच्या अध्यक्षांची महत्त्वाकांक्षा होती. १९५८ चा ‘श्वेतसर्पाची कथा’ हा तिचा पहिला रंगीत पूर्ण लांबीचा पट. पुढे दिग्दर्शक म्हणून गाजलेले इसाओ ताकाहाता १९५९ मध्ये आणि हायाओ मियाझाकी १९६३ मध्ये तिथेच नोकरीला लागले आणि अवयवाअवयवाला जिवंत हालचाल देण्याचे तंत्र त्यांनी तिथे गिरवले. तेझुकांच्या चित्रकथेवरून तोएईने १९६० मध्ये एक चित्रपट केला. त्या कामात सहभागी झालेल्या तेझुकांना स्वतःचा स्टुडिओ हवासा वाटू लागला आणि थोड्याच काळात मुशी प्रॉडक्शन उभे राहिले.

१ जानेवारी १९६३ रोजी फुजी टीव्हीवर मुशीचे ‘तेत्सुवान आतोमु’ सुरू झाले; आतोमु हा त्यातला उडणारा यंत्रमानव मुलगा. इंग्रजी जगात ते ‘ॲस्ट्रो बॉय’ म्हणून पोहोचले. अर्ध्या तासाची मालिका, दर आठवड्याला एक नवा भाग. हे किती अवघड होते, हे आकड्यांनी कळेल. चित्रपटाच्या पट्टीवर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. एकेक चित्र दोन चौकटी टिकवले तरी सेकंदाला १२ चित्रे लागतात. जाहिराती आणि शीर्षके वगळून वीस मिनिटे धरली, तर भागाला १४,४०० चित्रे झाली. तोएईसारखा स्टुडिओ असल्या कामाला महिनोन्‌महिने घेई. मुशीकडे आठवडा होता.

त्यांनी प्रथम एकेक चित्र तीन चौकटी टिकवले, म्हणजे सेकंदाला आठ चित्रे. एवढ्यानेही भागेना, म्हणून पुढची कात्री लागली. जिथे जमेल तिथे चित्र गोठवून कॅमेराच त्यावरून सरकवायचा. बोलताना चेहरा एका पत्र्यावर स्थिर ठेवायचा आणि तोंड वेगळ्या पत्र्यावर काढायचे. मिटलेले, अर्धवट उघडे आणि पूर्ण उघडे अशा तीन तोंडांची अदलाबदल केली की संवाद झाला. आतोमुच्या उड्डाणाची चित्रे फेकून न देता कपाटात जपायची आणि मागे नवे आकाश घालून पुढच्या भागात पुन्हा वापरायची. या युक्त्यांनी एका भागाची चित्रे दोन हजारांच्या आसपास आणता आली. अमेरिकेतल्या दूरचित्रवाणी मालिकांतही काटकसर होती, हे खरे. पण तेझुकांनी तिला चित्रकथेतल्या चौकटींची शिस्त दिली. कोणते चित्र गोठवायचे, किती वेळ आणि त्यानंतर कशावर जायचे, हे त्यांना पंधरा वर्षांच्या सरावाने ठाऊक होते. तोएईतल्या अनेकांच्या मते हे ॲनिमेशनच नव्हते. प्रेक्षकांनी मात्र मालिका उचलून धरली आणि १९६६ च्या अखेरीपर्यंत तिचे १९३ भाग झाले.

पैशाचे गणित पहिल्यापासूनच तुटीचे होते. वाहिनीकडून मिळणारी रक्कम निर्मितीखर्चापेक्षा बरीच कमी होती आणि ती तशी ठरवण्यात तेझुकांचाही वाटा होता, कारण दर कमी ठेवला तर दुसरे कोणी या धंद्यात उतरणार नाही, असा त्यांचा होरा होता. तो साफ चुकला. त्याच वर्षी प्रतिस्पर्धी मालिका सुरू झाल्या आणि तो पडेल दर सगळ्यांच्याच गळ्यात पडला. तूट भरून निघाली ती तेझुकांच्या चित्रकथांच्या मानधनातून, परदेशी विक्रीतून (अमेरिकेच्या एनबीसीने मालिका त्याच वर्षी घेतली) आणि आतोमुचे चित्र वापरण्याच्या परवान्यांतून. प्रायोजक होती मेईजी ही मिठाईची कंपनी. तिच्या मार्बल चॉकलेटच्या नळीतून आतोमुचे स्टिकर मिळू लागले आणि मुलांच्या त्यावर उड्या पडल्या. कामिशिबाईवाल्याचा जुना व्यवहार असा दूरचित्रवाणीवर अवतरला.

तेझुकांचे १९८९ मध्ये निधन झाल्यावर मियाझाकींनी लिहिलेल्या लेखात त्यांच्या चित्रकथांचे ऋण मान्य करतानाच ॲनिमेशनमधल्या त्यांच्या कामावर परखड टीका केली. स्वस्त दराचा पायंडा हा त्या टीकेचा एक भाग होता. टीका रास्त आहे, पण अपुरी आहे, असे मला वाटते. तो दर नसता तर वाहिन्यांनी साप्ताहिक ॲनिमेची जोखीम तेव्हा घेतली असती का, हा प्रश्न उरतोच. शिवाय मुशीत घडलेल्या पिढीने त्या टंचाईचे काय केले, हेही पाहावे लागते. ओसामू देझाकी यांनी १९७० च्या ‘आशिता नो जो’ या मुष्टियोद्ध्याच्या मालिकेपासून गोठलेल्या चित्राचा उपयोग पैसा वाचवण्याच्या पलीकडे नेला. निर्णायक क्षणी चालते दृश्य थांबते आणि त्याच्या जागी जाड रेषांचे, रंगांचे फटकारे असलेले हाताने रंगवलेले एकच चित्र येते. तिथे हालचाल असती तर तो क्षण निसटला असता. १९७३ मध्ये मुशी प्रॉडक्शन दिवाळखोरीत गेले. पण त्याआधीच तिथून बाहेर पडलेल्यांनी मॅडहाउस आणि सनराइज हे स्टुडिओ उभे केले होते.

परवान्यांवर जगण्याचा मार्ग पुढे हमरस्ता झाला. सनराइजची ‘गंडाम’ ही १९७९ ची मालिका प्रेक्षकसंख्येअभावी ४३ भागांत आटोपती घ्यावी लागली. पुढच्या वर्षी बंदाई कंपनीने तिच्या यंत्रमानवांचे जोडणीचे प्लास्टिक नमुने बाजारात आणले आणि ‘गंडाम’ला त्यांनीच तारले. खेळणे विकणे हेच ज्या कार्यक्रमाचे उत्पन्न, त्यातला यंत्रमानव कसा दिसावा यात खेळण्यांच्या कंपनीचा शब्द चालणे ओघानेच आले.

तीन तोंडांच्या युक्तीचा एक लाभ आरंभी कोणाच्या मनात नसावा. जपानमध्ये बहुधा चित्रे आधी होतात आणि आवाज नंतर भरला जातो; ओठ कोणत्याच भाषेच्या उच्चारांना काटेकोर बांधलेले नसल्याने त्यांवर कोणतीही भाषा बसते. निप्पॉन ॲनिमेशनची १९८९ ची ‘जंगल बुक’ मालिका १९९३ मध्ये दूरदर्शनवर हिंदीत आली, तेव्हा शेरखान नाना पाटेकरांच्या आवाजात बोलू लागला आणि तो परका वाटला नाही, यामागे आवाजाच्या ताकदीइतकेच या मोकळ्या ओठांचेही श्रेय आहे. पुढे ‘डोरेमॉन’ आणि ‘शिन-चॅन’ घरोघरी हिंदीत स्थिरावले तेही याच सोयीवर. ‘जंगल बुक’च्याच सुमाराचा युगो साको आणि मुंबईचे राम मोहन यांचा रामायणावरील ॲनिमेशनपट हा अपवाद. तो चित्रपटगृहासाठी केलेला, भारतीय आणि जपानी चित्रकारांच्या सहकार्यातून उभा राहिलेला पट होता आणि त्याची जातकुळी साप्ताहिक मालिकांपेक्षा तोएईच्या पूर्ण हालचालीच्या परंपरेला जवळची होती.

तोएईने १९७० च्या दशकात कामे बाहेर आणि देशाबाहेर द्यायला सुरुवात केल्यावर चित्रामागे मोबदला घेणारा मुक्त चित्रकार हाच या धंद्याचा कणा झाला. मियाझाकी आणि ताकाहाता यांच्या जिब्ली स्टुडिओने १९८० च्या दशकाअखेरीस चित्रकारांना पगारी नोकरीत घेण्याचे ठरवले. क्योतो ॲनिमेशनही त्याच वाटेने गेले. त्याची सुरुवात मुशीमध्ये सेल रंगवण्याचे काम केलेल्या एका गृहिणीने उजी गावात शेजारणींना हाताशी धरून घेतलेल्या रंगकामातून झाली होती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून संगणकाने सेल हटवले. १९६९ पासून चालू असलेल्या ‘साझाए-सान’ या कौटुंबिक मालिकेने ते २०१३ पर्यंत टिकवले, तेवढाच अपवाद. रंग भरणे आणि चित्रण करणे त्यामुळे स्वस्त झाले, पण पात्रांची रेखाटने अजून बहुतांशी हातानेच होतात आणि त्यांचा मोबदला बहुधा नगावर मिळतो. म्हणून नव्या मालिकांतही एकेक चित्र तीन चौकटी टिकते.