फ्युच्युरियन आणि क्वीन्सवाले : न्यूयॉर्कच्या विज्ञानकथावेड्यांचे दोन गट

जुन्या अमेरिकन विज्ञानकथेबद्दल वाचताना एक प्रसंग हमखास समोर येतो. जुलै १९३९मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथाप्रेमींचं पहिलं जागतिक संमेलन भरलं आणि सहा तरुणांना दारातूनच परत पाठवण्यात आलं. कारण म्हणून बहुतेक वेळा एकच ओळ दिलेली असते: ते कम्युनिस्ट होते, संयोजक कम्युनिस्टविरोधी. एवढ्यावर भागवलं की दोन्ही गटांची सरमिसळ होते. लेखक आयझॅक असिमॉव्ह फ्युच्युरियन, म्हणजे अडवलेल्यांच्याच गटातला होता, तेव्हा तोही बाहेरच राहिला असणार, असं सहज वाटतं. तो आत होता. फ्युच्युरियनांमधून इतके नामवंत लेखक निघाले, म्हणजे संमेलनही त्यांनीच भरवलं असणार, असंही वाटतं. ते भरवलं त्यांच्या विरोधकांनी.

आधी नावं नीट लावून घेऊ. एका बाजूला फ्युच्युरियन. डोनाल्ड वोल्हाइम, जॉन मिशेल, फ्रेडरिक पोल, रॉबर्ट लाउंड्स ही त्यातली मुख्य मंडळी. सप्टेंबर १९३८मध्ये त्यांनी आपला क्लब काढला, असिमॉव्ह आणि सिरिल कॉर्नब्लूथ त्यातलेच. दुसऱ्या बाजूला सॅम मोस्कोविट्झ, विल्यम सायकोरा आणि जेम्स टॉरासी हे त्रिकूट. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या त्यांच्या स्थानिक क्लबाचं नाव क्वीन्स सायन्स फिक्शन लीग आणि देशभरासाठी काढलेल्या संघटनेचं नाव न्यू फँडम. पाट्या दोन असल्या तरी माणसं तीच, म्हणून मी त्यांना सरसकट क्वीन्सवाले म्हणणार आहे. मोस्कोविट्झ मात्र नदीपलीकडच्या न्यू जर्सीतल्या नेवार्कचा.

घोटाळा होतो यात नवल नाही, कारण दोन्ही गट एकाच ठिकाणाहून निघालेत. एप्रिल १९२६मध्ये ह्यूगो गर्न्सबॅकने ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक सुरू केलं. वाचकांच्या पत्रांखाली तो त्यांचे पूर्ण पत्ते छापायचा. आपल्यासारखं वेड असलेला दुसरा कोणी आपल्याच गावात आहे, हे त्या मुलांना या पत्त्यांवरून कळलं. मग त्यांनी एकमेकांना पत्रं लिहिली, क्लब काढले, घरच्या घरी छापलेली नियतकालिकं टपालाने पाठवायला लागले. १९३४ साली गर्न्सबॅकने आपल्या ‘वंडर स्टोरीज’ मासिकातून सायन्स फिक्शन लीग ही वाचकसंघटना उभी केली. मासिकाचा खप वाढावा हा हेतू उघडच होता, पण गावोगावच्या एकट्या पोरांना त्यामुळे पहिल्यांदा हक्काचं छत्र मिळालं.

पहिलं भांडण तिथूनच पेटलं. वोल्हाइमची पहिली कथा जानेवारी १९३४च्या ‘वंडर स्टोरीज’मध्ये छापून आली आणि तिचं मानधन काही मिळेना. एकोणीस वर्षांचा हा मुलगा गप्प बसला नाही. पैसे थकलेले इतर लेखक शोधून काढून त्याने गर्न्सबॅकवर दावा लावला. कोर्टाबाहेर ७५ डॉलरवर तडजोड झाली. पुढे १९३५ साली लीगने तिघांची हकालपट्टी जाहीर केली: वोल्हाइम, मिशेल आणि सायकोरा. चार वर्षांनी दाराच्या दोन बाजूंना उभी राहिलेली माणसं तेव्हा एकाच पक्षात होती आणि एकाच आरोपाखाली एकत्र बाहेर काढली गेली होती. हे ध्यानात घेतलं नाही तर १९३९च्या भांडणातला कडवटपणा समजत नाही. परक्यांशी कोणी इतकं चवीने भांडत नाही.

हकालपट्टीनंतर त्यांचं बस्तान सायकोराच्या क्लबात होतं, इंटरनॅशनल सायंटिफिक असोसिएशनमध्ये. ऑक्टोबर १९३६मध्ये हीच मंडळी आगगाडीने फिलाडेल्फियाला गेली आणि तिथल्या विज्ञानकथाप्रेमींना भेटली. त्या भेटीला त्यांनी संमेलन म्हणायचं ठरवलं. इंग्लंडमधल्या लीड्सवाल्यांना हा मान मान्य नाही. ३ जानेवारी १९३७ला आधी जाहीर करून, रीतसर भरवलेलं आपलंच पहिलं संमेलन, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते जास्त पटतं. फिलाडेल्फियाच्या फेरीचं खरं महत्त्व वेगळं आहे: सायकोरा आणि वोल्हाइम खांद्याला खांदा लावून उभे असल्याचे ते शेवटचे दिवस होते.

बिनसलं ते क्लब कशासाठी यावरून. सायकोराला प्रत्यक्ष विज्ञानात रस, प्रयोगात रस. सभासदांनी हात काळे करावेत ही त्याची इच्छा. वोल्हाइम आणि मंडळींना कथा वाचायच्या होत्या, लिहायच्या होत्या, त्यांवर वाद घालायचे होते. १९३७ साली सायकोराने अध्यक्षपद सोडलं आणि वोल्हाइमच्या बाजूने संस्थाच विसर्जित करून टाकली. सायकोराने हे कधीच माफ केलं नाही. मला विचाराल तर दोन गटांची खरी फाळणी इथे झाली. राजकारण तोवर यायचंच होतं.

ते आलं ऑक्टोबर १९३७मध्ये, पुन्हा फिलाडेल्फियातच. मिशेलने लिहिलेलं भाषण तिथे वोल्हाइमने वाचून दाखवलं. भविष्यातल्या जगाच्या नुसत्या कथा वाचत बसू नका, फॅसिझमविरुद्ध उभे राहा, शास्त्रीय पायावरच्या समाजवादी जगासाठी झटा, असा त्याचा मथितार्थ. त्यासोबत मांडलेला ठराव फेटाळला गेला. या विचाराला पुढे मिशेलच्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. मिशेल आणि पोल दोघंही यंग कम्युनिस्ट लीगचे सभासद होते. आर्थिक मंदीत वाढलेल्या शहरी मुलांच्या बाबतीत यात विशेष काही नव्हतं, स्पेनमध्ये यादवी चालू होती, जर्मनीत हिटलर होता. पण म्हणून अख्खा गट कम्युनिस्ट ठरत नाही. असिमॉव्ह फॅसिझमचा कट्टर विरोधक होता, कम्युनिस्ट नव्हता. आणि क्वीन्सवालेही उजव्या विचारांचा झेंडा घेऊन फिरत नव्हते. विज्ञानकथेच्या मंचावर राजकारण नको, एवढंच त्यांचं जाहीर म्हणणं होतं.

तर मग १९३९चं संमेलन कोणाचं? न्यूयॉर्कमधल्या फ्लशिंग मेडोजमध्ये ‘उद्याचं जग’ ही कल्पना घेऊन जागतिक मेळा भरणार होता. त्याच सुमारास विज्ञानकथेचं मोठं संमेलन घ्यायची योजना १९३७च्या सुरुवातीलाच निघाली होती आणि तिची सूत्रं वोल्हाइमकडे होती. मे १९३८मध्ये मोस्कोविट्झ आणि सायकोराने नेवार्कला संमेलन भरवलं, यशस्वी करून दाखवलं आणि तिथून सूत्रं आपल्या हाती घेतली. फ्युच्युरियनांच्या लेखी ही पळवापळवी होती. क्वीन्सवाल्यांचं म्हणणं, दीड वर्षात तुम्ही काय केलंत?

२ जुलै १९३९. मॅनहॅटनमध्ये ५९व्या रस्त्यावर कॅरॅव्हॅन हॉल. दोनशेच्या आसपास माणसं जमली. प्रमुख पाहुणे चित्रकार फ्रँक पॉल. लॉस एंजेलिसहून रे ब्रॅडबरी हा अठरा वर्षांचा मुलगा फॉरेस्ट अ‍ॅकरमनकडून उसने पैसे घेऊन बसने आला होता. अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस भविष्यकाळातले पोशाख घालून वावरत होते, आणि ते मर्टलनेच शिवलेले होते. त्या दिवशी हॉलमध्ये पत्रकांचा एक गठ्ठा लपवलेला सापडला. पिवळ्या रंगाचं पत्रक, मजकूर संयोजकांच्या हुकूमशाहीपासून सावध राहा असा. ते छापलं होतं डेव्हिड काइलने. तो फ्युच्युरियनांचा मित्र, पण त्याने हा उद्योग त्यांना न विचारता केला होता. मोस्कोविट्झने लिहून ठेवलंय की त्याने दारातल्या मंडळींकडे गोंधळ न घालण्याचं वचन मागितलं आणि ते मिळालं नाही. वोल्हाइम, मिशेल, पोल, लाउंड्स, कॉर्नब्लूथ आणि जॅक गिलेस्पी बाहेर राहिले. पत्रक छापणारा काइल आत बसला. असिमॉव्ह, लेस्ली पेरी, रिचर्ड विल्सन हेही आत होते.

कॉर्नब्लूथचा त्या दिवशी सोळावा वाढदिवस होता. सोळा वर्षांच्या मुलाला पक्षीय धोका म्हणून अडवणं मला आजही चुकीचं वाटतं, आणि अडवणारा अध्यक्ष मोस्कोविट्झ स्वतः दोनच दिवसांपूर्वी एकोणीस पूर्ण झाला होता, याने ते बरोबर ठरत नाही. तरी ज्यांनी हॉल ठरवला, पाहुणे बोलावले, संपादकांना आणून बसवलं, ते हेच क्वीन्सवाले, हेही विसरता येत नाही. आजही दरवर्षी भरणाऱ्या जागतिक संमेलनांची मालिका त्या दिवसापासून मोजली जाते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी खोडता येत नाही.

संमेलनानंतर दोन गटांच्या वाटा पाहिल्या की फरक ठळक होतो. क्वीन्सवाल्यांची मैत्री कामातून बांधलेली. बैठका, ठराव, वार्तापत्र, संमेलन. टॉरासीने बातमीपत्र वर्षानुवर्षं चालवलं आणि १९५५ साली त्याला विज्ञानकथेतला ह्यूगो पुरस्कार मिळाला. मोस्कोविट्झने चळवळीचा इतिहास लिहिला आणि १९५०च्या दशकात न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात विज्ञानकथेचा अभ्यासक्रम शिकवला. सायकोरा हळूहळू बाजूला पडला.

फ्युच्युरियनांची मैत्री एका छपराखालची. यातले बरेच जण आळीपाळीने एकत्र राहायचे, एकमेकांच्या कथा पुऱ्या करायचे, टोपणनावं वाटून घ्यायचे. लग्नंही आपसातच झाली. पोलने आधी लेस्ली पेरीशी आणि पुढे ज्युडिथ मेरिलशी लग्न केलं. पेरी नंतर रिचर्ड विल्सनची झाली. जेम्स ब्लिश आणि व्हर्जिनिया किड यांचं जुळलं. विशी ओलांडण्याच्या सुमारासच पोल दोन मासिकांचा संपादक झाला, वोल्हाइम आणि लाउंड्सही संपादक झाले आणि पानं भरायला मित्र होतेच. १९४१ साली वोल्हाइमने काढलेल्या दोन मासिकांत तर लेखकांना द्यायला पैसेच नव्हते. मित्रांनी फुकट लिहिलं. असिमॉव्हनेही एक कथा अशीच देऊन टाकली. मग एका जुन्या संपादकाने त्याला बजावलं की फुकट लिहिणारे धंद्याच्या मुळावर येतात. धास्तावून त्याने वोल्हाइमला लिहिलं की मानधन मिळालं असं म्हणता यावं म्हणून पाच डॉलर तरी द्या. वोल्हाइमने दिले, पण सोबत चिडून लिहिलं की किंमत कथेला नाही, तुझ्या दोन शब्दांच्या नावाला आहे, म्हणजे शब्दामागे अडीच डॉलर पडले. सात वर्षांपूर्वी मानधनासाठी गर्न्सबॅकवर दावा लावणारा तो हाच वोल्हाइम. मला यात ढोंग दिसत नाही. मित्राने मित्राकडून पैसे मागावेत हेच त्याला लागलं असावं.

म्हणून एखादं नाव समोर आलं आणि ते कोणत्या बाजूचं हे कळेना, तर त्या माणसाचं राजकारण शोधत बसू नका. तो कोणाबरोबर राहिला आणि कोणाच्या मासिकात लिहिलं ते पाहा. कथा, संपादन, साहित्यिक एजन्सी, प्रकाशन या वाटेने गेलेला बहुधा फ्युच्युरियन. संमेलन, वार्तापत्र, संग्रह, इतिहास या वाटेने गेलेला बहुधा क्वीन्सकडचा. काइल मात्र कशातच बसत नाही: फ्युच्युरियनांचा मित्र, आणि १९५६च्या न्यूयॉर्क संमेलनाचा अध्यक्ष तोच.

आपण कोणाचं वाचतो यावरही बरंच ठरतं. १९३०च्या दशकाचा सविस्तर इतिहास पहिल्यांदा लिहिला मोस्कोविट्झने, तो १९५४ साली पुस्तकरूपात आला. त्यात वोल्हाइम खलनायक वाटला तर तारखा ठेवून घ्या, विशेषणं सोडून द्या. फ्युच्युरियनांची बाजू १९७०च्या दशकात आली, पोलच्या आठवणींतून आणि डेमन नाइटच्या पुस्तकातून. नाइट १९३९ला तिथे नव्हता, तो नंतर सामील झाला. पण स्वतःच्या गटाची उणीदुणी त्याने हातचं न राखता मांडली, म्हणून माझा भरवसा त्याच्यावर जास्त आहे.

आणि उणीदुणी होतीच. १९४५ साली ब्लिश, मेरिल, नाइट, किड, लाउंड्स वगैरे सात जणांनी पत्रक काढून वोल्हाइम आणि मिशेलला फ्युच्युरियनांमधून काढून टाकलं. वोल्हाइमने बदनामीचा दावा ठोकला. कोर्टाने तो फेटाळला, तरी वकिलाच्या खर्चाचा भुर्दंड त्या सातही जणांना बसला आणि क्लब तिथेच संपला. वोल्हाइम पुढे प्रकाशनात मोठा झाला, १९७१ साली पत्नी एल्सीसोबत त्याने स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. ती आजही विज्ञानकथा छापते.