रोमची चांदी, ग्रीनलँडचं शिसं

२०२० साली एक बातमी जगभर फिरली: अलास्कातल्या ज्वालामुखीने रोमन प्रजासत्ताक बुडवलं. अजूनही ती अधूनमधून कोणीतरी पाठवतं. मूळ संशोधन उत्तम होतं, बातमीने मात्र त्याची माती केली.

संशोधन असं की, ग्रीनलँडच्या बर्फात इ.स.पू. ४३च्या थरात ज्वालामुखीची राख सापडली. तिच्यातल्या काचकणांची रासायनिक घडण अलास्काच्या अल्यूशन बेटांतल्या ओकमोक ज्वालामुखीशी जुळली. पुढची दोन वर्षं उत्तर गोलार्धात विलक्षण थंड गेली, नाईलचा पूर रुसला, क्लिओपात्राच्या इजिप्तमध्ये उपासमार झाली. सगळं मान्य. पण रोमचा हुकूमशहा सीझर याचा खून इ.स.पू. ४४च्या १५ मार्चचा, म्हणजे उद्रेकाच्या आधीचा. त्याने फौजेसह रुबिकॉन ही हद्दीची नदी ओलांडून यादवी पुकारली ती इ.स.पू. ४९ साली. आणि सुल्ला नावाच्या सेनापतीने रोमची फौज रोमवरच चालवून नेली ती तर ८८ साली! ओकमोकचा हा उद्रेक तेव्हा व्हायचाच होता.

मग सैनिक आपल्याच शहरावर चालून का गेले? इ.स.पू. १०७मध्ये मारियस नावाच्या सेनापतीने भूमिहीनांना सैन्यात घेतलं. शेती असलेला शिपाई लढाई संपली की घरी जायचा. याला घरच नव्हतं. निवृत्तीनंतरची जमीन सिनेट, म्हणजे उमरावांची राज्यसभा, देईल याचा भरवसा नाही, सेनापती मात्र लूट वाटून द्यायचा. सीझरने तर पगार दुप्पट केला, वर्षाला २२५ दिनार. दिनार म्हणजे जवळपास ४ ग्रॅमचं चांदीचं नाणं. ज्याच्या हाती चांदी, त्याची फौज.

आता माझ्या आवडीचा भाग. ही चांदी खाणीत चांदी म्हणून फारशी मिळत नाही. ती गॅलिना या शिशाच्या खनिजात दडलेली असते, टनभर शिशामागे फार तर काही किलो. आधी खनिज भाजून गंधक उडवायचं, मग वितळवून शिसं काढायचं. चांदी त्यातच विरघळलेली राहते. मग हे शिसं हाडांच्या राखेच्या उथळ मुशीत घालून १००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायचं आणि भात्याने हवा मारत राहायची. शिशाला ऑक्सिजनची ओढ भारी. त्याचं ऑक्साइड होतं, ते वितळतं आणि मुशीच्या छिद्रांत शोषलं जातं. चांदी ऑक्सिजनला दाद देत नाही. तासन्‌तास चालणाऱ्या या प्रकाराच्या शेवटी मुशीच्या तळाशी चांदीचा लखलखीत मणी उरतो. ही खरीखुरी किमया. शिशाचं सोनं करून देणारे बाबा वेगळे.

या भट्ट्यांतून शिशाची थोडी वाफही उडते. तिचे अतिसूक्ष्म कण वाऱ्याबरोबर हजारो किलोमीटर जातात आणि काही हिमवर्षावाबरोबर ग्रीनलँडवर उतरतात. तिथलं बर्फ वितळत नाही, वर्षावर वर्ष साचत जातं. खोल छिद्र पाडून काढलेला बर्फाचा दंडगोल टोकाकडून हळूहळू वितळवायचा आणि ते पाणी वस्तुमान वर्णपटमापकात, म्हणजे अणू वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, सोडायचं. थर मोजून आणि ज्वालामुखीच्या गंधकाच्या खुणा जुळवून साल ठरतं. शिशाच्या समस्थानिकांची (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची) गुणोत्तरं खाणीगणिक बदलतात, त्यामुळे माल कुठला हेही कळतं. ती स्पेनकडे बोट दाखवतात. (इथे गरगरलं असेल तर एवढंच लक्षात ठेवा: रोमच्या चांदीच्या भट्ट्यांचा धूर बर्फात जपला गेला आहे.)

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या बर्फातल्या शिशाच्या आलेखात प्रजासत्ताकाच्या अखेरच्या यादवीत शिसं घसरलेलं दिसतं, आणि साम्राज्याच्या शांततेत ते चढून सुमारे दोन शतकं वरच राहतं. म्हणजे यादवीत नाणी कमी पाडली, असं मात्र समजू नका. देवळातले खजिने किंवा शत्रूची ताटं वितळवून नाणी पाडली तर बर्फाला त्याची गंधवार्ता नसते. ४९ साली सीझरने शनीच्या देवळातला राजकोष फोडला आणि ४३ साली सीझरचा दत्तक मुलगा ऑक्टेव्हियन आणि त्याचे साथीदार अँटनी व लेपिडस यांनी श्रीमंतांच्या याद्या करून त्यांना ठार मारलं, मालमत्ता जप्त केल्या. खाणीपेक्षा शेजाऱ्याची तिजोरी जवळ!

ऑक्टेव्हियन शेवटी एकटा उरला. इ.स.पू. २७मध्ये त्याने सत्ता ‘परत’ केली, ऑगस्टस ही पदवी घेतली आणि जिथे फौजा होत्या ते बहुतेक प्रांत स्वतःकडे ठेवले. सिनेट, कॉन्सुल हे दरवर्षी निवडले जाणारे सर्वोच्च अधिकारी, निवडणुका सगळं जागच्या जागी होतं. इ.स. ६मध्ये त्याने निवृत्त सैनिकांसाठी वेगळा कोष उघडला, वारसाहक्कावर ५ टक्के कर बसवला. आता शिपायाचा पोशिंदा कायमचा एकच.

आणि जाता जाता एका धूमकेतूची गोष्ट. सीझरच्या खुनानंतर काही महिन्यांनी, त्याच्या स्मरणार्थ खेळ चालू असताना, आकाशात धूमकेतू दिसला. लोक म्हणाले, हा सीझरचा आत्मा. धूमकेतूला सीझरचं सोयरसुतक नव्हतं, पण दत्तक मुलाला होतं. आत्मा देव झाला की आपण देवपुत्र, हे विशीही न गाठलेल्या ऑक्टेव्हियनला चटकन कळलं. पुढे सम्राट झाल्यावर त्याने तो धूमकेतू शेपटीसकट दिनारावर छापला.