दुरुस्ती झाली, सही झाली: आशियातल्या विमान-देखभालीची पार्श्वभूमी

२ जून १९७८. ओसाकाच्या इतामी विमानतळावर उतरताना जपान एअरलाइन्सच्या एका बोइंग ७४७ची शेपटी धावपट्टीला घासली. नाक जास्त वर राहिलं की असं होतं. या धंद्यात त्याला टेल स्ट्राइक म्हणतात. जीवितहानी झाली नाही. शेपटीकडचा भाग मात्र चांगलाच खराब झाला होता, म्हणून दुरुस्तीचं काम खुद्द बोइंगच्या पथकाकडे दिलं गेलं. आशियातल्या विमान-सुरक्षेची गोष्ट सांगायची तर सुरुवात याच हँगरमधून करावी लागते, असं मला वाटतं.

प्रवासी बसतात त्या भागाच्या अगदी मागे घुमटासारखी धातूची एक भिंत असते, आफ्ट प्रेशर बल्कहेड. अलीकडे श्वास घेता येईल इतक्या दाबाची हवा, पलीकडे आभाळातली विरळ हवा. विमान वर गेलं की या भिंतीवर ताण येतो, खाली आलं की तो उतरतो. एका उड्डाणाला एकदा. या दुरुस्तीत भिंतीचा खालचा अर्धा भाग नवा बसवायचा होता. जुना आणि नवा भाग जुळतात तिथे रिव्हेटसाठी, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांसाठी काही ठिकाणी पुरेशी कड उरत नव्हती, म्हणून मध्ये एक अखंड पट्टी घालायची असं ठरलं. प्रत्यक्षात पट्टी दोन तुकडे करून बसवली गेली. दोन रांगांनी मिळून पेलायचा भार त्यामुळे रिव्हेटच्या एकाच रांगेवर आला. कागदावर काम पुरं झालं होतं. सह्या झाल्या आणि विमान पुन्हा सेवेत गेलं.

त्यानंतर त्याने बारा हजारांवर उड्डाणं केली. १२ ऑगस्ट १९८५च्या संध्याकाळी हानेदाहून ओसाकाकडे निघाल्यावर बारा-एक मिनिटांत ती भिंत फुटली. आतली हवा शेपटीत घुसली, उभ्या शेपटीचा मोठा भाग तुटून पडला आणि चारही हायड्रॉलिक यंत्रणांमधलं तेल वाहून गेलं. सुकाणू उरलंच नाही. वैमानिकांनी नुसत्या इंजिनांच्या जोरावर विमान आणखी अर्धा तास हवेत ठेवलं आणि मग ते गुन्मा प्रांतातल्या डोंगरावर कोसळलं. ५२४ पैकी ५२० जण गेले. एकाच विमानाच्या अपघातात इतकी माणसं त्याआधी कधी गेली नव्हती, नंतरही नाही.

हा धडा जगाने घेतला, असं आपण धरून चालतो. पण त्या वेळी आणखी एक ७४७ तशीच दुरुस्ती अंगावर घेऊन उडत होतं. तैवानच्या चायना एअरलाइन्सच्या या विमानाची शेपटी ७ फेब्रुवारी १९८० रोजी हाँगकाँगच्या काई ताक विमानतळावर घासली होती. पत्र्यावर उठलेले ओरखडे पुरते काढून टाकायला हवे होते किंवा तो भागच बदलायला हवा होता. तसं न करता वरून डब्लर, म्हणजे जोडपत्रा ठोकला गेला. ओरखडे खालीच राहिले आणि त्यातून बारीक तडे सरकत गेले. २५ मे २००२ रोजी तैपेईहून हाँगकाँगला जाताना पेंगहू बेटांजवळ हे विमान हवेतच तुटलं. २२५ जण गेले. मधे २२ वर्षं गेली होती.

या तपासातली एक बाब डोक्यातून जात नाही. पूर्वी विमानात सिगारेट ओढायला परवानगी होती. केबिनमधला धूर दाबाखालच्या हवेबरोबर फटींतून बाहेर पडायचा आणि जिथून पडायचा तिथे तपकिरी डाग धरायचा. या जोडपत्र्याच्या कडेला असे डाग होते आणि अपघाताच्या आधी तपासणीत काढलेल्या छायाचित्रांत ते दिसत होते. पत्रा आतून फाटत चालल्याची खूण होती ती. कुणीतरी ती पाहिली, तिचा फोटोही काढला, पण तिचा अर्थ लावायचं काम कुणाच्याही यादीत नव्हतं. जुन्या दुरुस्त्या नव्याने तपासण्याचा जो कार्यक्रम जगभर आखला गेला होता, त्यात या विमानाची पाळी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात येणार होती.

दोन्ही घटनांत काम केल्याची नोंद होती आणि ती खोटी आहे असं काम करणाऱ्यालाही वाटत नसावं. प्रश्न असा आहे की ही सही तपासणारा दुसरा डोळा कुठे असतो? आणि त्या डोळ्यावर नजर कोण ठेवतं?

नियमांच्या पुस्तकात याचं उत्तर १९४४ पासून आहे. त्या वर्षीच्या डिसेंबरात शिकागोत झालेल्या कराराने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे इकाओ जन्माला आली. कराराचं परिशिष्ट ६ विमान चालवण्याबद्दल बोलतं, परिशिष्ट ८ विमानाच्या उड्डाणयोग्यतेबद्दल. पण इकाओ कुठल्याही कंपनीला परवाना देत नाही, कुठलंही विमान जमिनीवर थांबवत नाही. विमान ज्या देशात नोंदलेलं, त्या देशाच्या सरकारने ते तपासायचं. देशादेशांनी एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, असा हा मामला. युद्धानंतर नवी स्वतंत्र झालेली, पैशाने ओढग्रस्तीची असलेली आशियाई सरकारं एकीकडे राष्ट्रीय विमान कंपनीची मालक होती आणि दुसरीकडे तिची तपासनीसही. ही व्यवस्था ताणली जाणार हे उघड होतं.

ताण सगळ्यात आधी दिसला तो चीनमध्ये. नव्वदच्या दशकात तिथे विमान कंपन्या झपाट्याने वाढल्या आणि कुशल हात कमी पडले. ६ जून १९९४ रोजी शीआनहून निघालेलं सोव्हिएत बनावटीचं तुपोलेव्ह-१५४ उड्डाण करताच हेलकावे खाऊ लागलं. ऑटोपायलट लावल्यावर ते आणखी बिथरलं आणि हवेतच तुटलं. १६० जण गेले. देखभालीत दोन प्लगची अदलाबदल झाली होती. विमान डावी-उजवीकडे कलतं ते सांभाळणारा प्लग नाक वळवणाऱ्या जोडणीत गेला होता आणि तो प्लग याच्या जागी. म्हणजे यंत्रणा प्रत्येक वेळी चुकीच्या दिशेने दुरुस्ती करत होती. दोन्ही प्लग एकमेकांच्या जागी बसू शकत होते, ही रचनेतलीच खोट. आणि जोडणीनंतर चाचणी नीट झाली असती तर ती जमिनीवरच कळली असती. १९९९ मध्ये वेनझोऊजवळ त्याच जातीचं विमान उतरता उतरता कोसळलं तेव्हा कारण निघालं चुकीच्या प्रकारचा नट. त्यानंतर चीनने ही विमानं सेवेतून काढली, तपासनीस वाढवले, कंपन्यांना वेसण घातली. ऑगस्ट २०१० नंतर मार्च २०२२ पर्यंत चिनी प्रवासी कंपन्यांचा एकही जीवघेणा अपघात झाला नाही. इतक्या मोठ्या पसाऱ्यात हे सोपं नव्हतं.

कोरियाची गोष्ट थोडी वेगळी. २२ डिसेंबर १९९९ रोजी लंडनजवळच्या स्टॅनस्टेडहून उडालेलं कोरियन एअरचं मालवाहू ७४७ मिनिटाभरात पडलं. विमान किती कललंय ते दाखवणारं कॅप्टनसमोरचं उपकरण आधीच्या उड्डाणातच बिघडल्याचं आढळलं होतं. स्टॅनस्टेडला एक जोडणी काढून पुन्हा बसवली गेली. मूळ दोष होता तिथेच राहिला. अंधारात कॅप्टनने त्याच उपकरणावर विसंबून विमान वळवलं. शेजारच्या सहवैमानिकासमोरचं उपकरण बरोबर होतं, पण तो गप्प राहिला. चार जण गेले, त्यात बरोबर निघालेला देखभाल अभियंताही होता. मुंबईकरांना यावरून १ जानेवारी १९७८ची रात्र आठवेल. सांताक्रूझहून उडालेलं एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ याच उपकरणाच्या बिघाडानंतर वांद्र्यासमोरच्या समुद्रात पडलं आणि २१३ जण गेले. कोरियन एअरने मात्र स्टॅनस्टेडनंतर घर झाडून काढलं. अमेरिकेच्या डेल्टामधून वरिष्ठ अधिकारी आणून त्याच्याकडे उड्डाणांची सूत्रं दिली, हुद्द्याच्या दबावाखाली गप्प बसायची सवय मोडून काढली. आज ही कंपनी जगातल्या चांगल्या कंपन्यांत गणली जाते.

एव्हाना जगाचा एकमेकांच्या शब्दावरचा विश्वास संपला होता. अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान-वाहतूक नियामकाने, १९९२ पासून इतर देशांच्या नियामकांना जोखायला सुरुवात केली. पास झाला तो श्रेणी १, नापास तो श्रेणी २. श्रेणी २ मधल्या देशाच्या कंपन्यांना अमेरिकेत नवी उड्डाणं सुरू करता येत नाहीत. १९९९ पासून इकाओने सगळ्या सदस्य देशांची तपासणी चालू केली आणि २००६ मध्ये युरोपीय संघाने बंदी असलेल्या कंपन्यांची यादी जाहीर करायला घेतली. तपासणी आता विमानाची नव्हती, विमान तपासणाऱ्या सरकारी कार्यालयाची होती. माझ्या मते आशियात खरा बदल इथून झाला, कारण आता निष्काळजीपणाचा फटका थेट धंद्याला बसू लागला.

इंडोनेशियाला तो सगळ्यात जबर बसला. १ जानेवारी २००७ रोजी अ‍ॅडम एअरचं ७३७ सुलावेसीजवळ समुद्रात गेलं, १०२ जण गेले. या विमानाच्या दिशादर्शक यंत्रणेबद्दल वैमानिकांनी आधीच्या तीन महिन्यांत शंभरावर तक्रारी लिहिल्या होत्या. दर वेळी काहीतरी करून विमान सोडलं जाई, दुसऱ्या दिवशी तीच तक्रार परत. देखभालवाले याला रिपीट डिफेक्ट म्हणतात. त्याच वर्षी अमेरिकेने इंडोनेशियाला श्रेणी २ मध्ये टाकलं आणि युरोपने तिथल्या सगळ्या कंपन्यांना बंदी केली. शेवटच्या कंपनीवरची बंदी उठायला जून २०१८ उजाडलं.

आणि रिपीट डिफेक्ट तरीही गेला नाही. डिसेंबर २०१४ मध्ये एअरएशियाचं जे विमान जावा समुद्रात पडलं, त्याच्या रडरशी, म्हणजे उभ्या शेपटीवरच्या सुकाणूशी संबंधित एका यंत्रात सोल्डरला तडा गेला होता. त्या वर्षभरात तोच बिघाड २३ वेळा नोंदला गेला होता. २९ ऑक्टोबर २०१८ला पडलेल्या लायन एअरच्या ७३७ मॅक्सची कहाणी तर नोंदवहीचीच आहे. मॅक्सच्या सॉफ्टवेअरची रचनाच घातक होती आणि तो दोष बोइंगचा, यात वाद नाही. पण समोरून येणाऱ्या हवेशी विमानाचा कोन मोजणारा, आदल्या दिवशी बालीत बसवलेला सेन्सर २१ अंशांनी चुकत होता. त्या रात्रीच्या उड्डाणात धोक्याचा इशारा देत वैमानिकांची कांडी जवळजवळ सगळा वेळ थरथरत राहिली. जकार्ताला उतरल्यावर लिहिलेल्या नोंदीत हे थरथरणं आलंच नाही. अभियंत्यांनी जेवढं लिहिलं होतं तेवढं पाहिलं, जोडण्या साफ केल्या आणि सकाळी विमान सोडलं. १८९ जण गेले. तपासात त्या महिन्याच्या नोंदींची ३१ पानं सापडली नाहीत.

पाकिस्तानात ७ डिसेंबर २०१६ रोजी पडलेल्या एटीआर या छोट्या प्रवासी विमानाच्या बाबतीतही मुळाशी न झालेलं काम होतं. इंजिनातली ठरावीक पाती दहा हजार तासांनंतर बदलायची सूचना होती. महिनाभर आधी इंजिन उघडलं गेलं, पाती तीच राहिली. ४७ जण गेले. थायलंड, फिलिपिन्स, मलेशिया हे तिन्ही देश कधी ना कधी श्रेणी २ मध्ये गेले आणि मेहनतीने परत आले. नेपाळ २०१३ पासून युरोपच्या यादीत अडकला. विमानतळ चालवणारी आणि नियम लावणारी संस्था तिथे एकच आहे, हा त्यावरचा मुख्य आक्षेप.

सगळ्याच गोष्टी मृत्यूने संपत नाहीत. २० ऑगस्ट २००७ रोजी ओकिनावाच्या नाहा विमानतळावर चायना एअरलाइन्सचं ७३७ उतरून जागेवर उभं राहिलं आणि पेटलं. १६५ जण धावत, काहीजण खिडकीतून उड्या मारून बाहेर पडले, सगळे वाचले. पंखाच्या पुढच्या कडेची हलणारी फळी, स्लॅट, तिच्या यंत्रणेतला एक बोल्ट सुटून इंधनाच्या टाकीत घुसला होता. काही आठवड्यांपूर्वी याच बोल्टचं नट घट्ट करण्याचं काम झालं होतं. ते करताना एक वॉशर निसटला आणि बोल्ट घट्ट बसलेला दिसला, पण त्याला धरून ठेवणारं काही उरलं नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या, अंदाजाने चाचपून काम करायच्या जागेत हे घडलं. त्यानंतर जगभरातल्या या जातीच्या विमानांचे स्लॅट तपासायचे आदेश निघाले.

भारताकडे यायचं तर पाया जुना आहे: १९३४चा विमान कायदा, १९३७चे विमान नियम, आणि सही करायचा अधिकार असलेला परवानाधारक देखभाल अभियंता, ज्याला सगळे एएमई म्हणतात. कमी पडत होती ती तपासणाऱ्यांची फौज. ३१ जानेवारी २०१४ रोजी अमेरिकेने भारतालाही श्रेणी २ मध्ये ढकललं, कारण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे पुरेसे प्रशिक्षित उड्डाण-तपासनीसच नव्हते. पदं होती, माणसं नव्हती. भरती झाली, एप्रिल २०१५ मध्ये श्रेणी १ परत मिळाली. देखभालीचा धंदाही मग इकडे वळू लागला. नागपूरच्या मिहानमध्ये मोठा हँगर उभा राहिला आणि २०२० मध्ये देखभाल-सेवेवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तोवर बरीचशी मोठी कामं सिंगापूर, आखात किंवा आणखी लांब पाठवावी लागत होती. १९३४चा कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला तो १ जानेवारी २०२५ला.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचं ड्रीमलायनर पडलं, विमानातले आणि जमिनीवरचे मिळून २६० जण गेले. त्यानंतर डीजीसीएच्या पथकांनी दिल्ली आणि मुंबई विमानतळांवर तपासणी केली. तिच्यातून निघालं त्याचा अहमदाबादच्या कारणाशी संबंध जोडायचं कारण नाही. पण २४ जूनला प्रसिद्ध झालेले निष्कर्ष वाचताना ओसाका, सुलावेसी, जकार्ता सगळं डोळ्यांसमोरून जातं. नोंदवलेले दोष काही विमानांत पुन्हा पुन्हा उद्भवत होते. दुरुस्ती करताना घ्यायची खबरदारी अभियंत्यांनी घेतलेली नव्हती. झिजलेल्या टायरमुळे एक विमान रोखावं लागलं. आणि विमानाच्या यंत्रणेने स्वतःहून दाखवलेले काही दोष टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत कुणी लिहिलेच नव्हते.