डोळे मिटून साठ वळणं

टीव्हीवर स्कीइंगची शर्यत लागली की मी निकालापेक्षा सुरुवातीच्या फाटकामागची गर्दी बघतो. खेळाडू डोळे मिटून उभे असतात. तळहात माशासारखा डावीउजवीकडे वळतो, गुडघे दबतात, खांदे कलतात. शेजारचे काका म्हणाले, "मंत्र म्हणतायत वाटतं!"

मंत्र नव्हे, उजळणी. स्लालममध्ये, म्हणजे उतारावर रोवलेल्या खांबांच्या फाटकांमधून नागमोडी उतरायच्या शर्यतीत, आधी त्या मार्गावरून एकदाही वेगात उतरता येत नाही. हळूहळू घसरत जाऊन साठेक फाटकं डोक्यात भरायची. दुसऱ्या फेरीला मांडणी पुन्हा नवी.

१९७०च्या दशकात रिचर्ड सुइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एका स्कीपटूच्या पायांना इलेक्ट्रोड लावले आणि शर्यत नुसती मनात धावायला सांगितली. उडी आली, खडबडीत उतार आला, की स्नायूंमधले विद्युत संकेतही उसळायचे!

हे कसं होतं? स्नायूंना हुकूम सोडताना मेंदू त्याची एक नक्कल लहान मेंदूकडे धाडतो. लहान मेंदू त्यावरून आधीच अंदाज बांधतो: डावीकडे वळताना उजव्या पायाखाली इतका दाब येईल, स्कीच्या पट्टीची कड बर्फात इतकी रुतेल. मग पायाकडून खरी खबर येते आणि चुकलेला अंदाज दुरुस्त होतो. कल्पनेत हुकूम तयार होतो, बहुतांशी वाटेतच अडवला जातो. नक्कल मात्र पोचते, असं आज मानलं जातं. पण पायाकडून खबर येत नाही. म्हणजे चूक मनात घोटली तर ती चूकच पक्की होते, आणि ज्याने कधी स्की बांधलीच नाही त्याच्याकडे अंदाज बांधायला अनुभवाची शिल्लकच नसते. स्नोबोर्डवर टाचेच्या कडेवरून बोटांच्या कडेवर जाताना काय वाटतं, हे व्हिडिओ बघून कळत नाही.

'पदक गळ्यात पडल्याचं रोज बघा, विश्व ते देईल' म्हणणाऱ्या शिबिरांत नेमका हा भागच गाळलेला असतो. लहान मेंदूला पदकाशी देणंघेणं नाही, त्याला वळण हवं. तेही खऱ्या वेगाने. म्हणून काही खेळाडू मनातली फेरी स्टॉपवॉच लावून मोजतात.

१९८९ मध्ये संशोधक जाँ देसेती आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की मनात चालायला जवळपास प्रत्यक्षाइतकाच वेळ लागतो. पाठीवर २५ किलोंचं ओझं दिलं, तर प्रत्यक्षातली वेळ तशीच राहिली, मनातली मात्र वाढली. मी आमच्या इमारतीचे तीन जिने पाण्याचा जार घेऊन मनात चढून पाहिले. दुसऱ्या मजल्यावर थांबलो.