पाचटाचा बिछाना आणि वजनाचा फितीवरचा हिशेब

सांगली-साताऱ्याच्या ऊसपट्ट्यात तोड झाल्यावर फडात उरलेले पाचट आजही अनेक ठिकाणी पेटवून दिले जाते. दोन-चार माद्या पाळणाऱ्या लहान वराहपालकाने त्यातले काही उचलून आणले, तर त्याचा बराच त्रास वाचेल. डुक्कर हा नाकाने सतत उकरत राहणारा प्राणी आहे. उघड्या फरशीवर त्याला उकरण्यासारखे काही मिळाले नाही की कळपातील डुकरे एकमेकांच्या शेपट्या चावू लागतात. मोठ्या फार्मवर त्यासाठी पिल्लांच्या शेपट्याच कापून टाकतात. कोरड्या पाचटाचा वीतभर थर हा त्याहून स्वस्त आणि माझ्या मते अधिक शहाणपणाचा उपाय आहे.

मादी साधारण 114 दिवसांनी विते. विण्याच्या आदल्या दिवशी ती तोंडाने काडीकचरा गोळा करून घरटे रचू लागते, आणि ही तिची उपजत गरज असते. पिल्ले अंगाखाली चिरडू नयेत म्हणून मोठ्या फार्मवर तिला वळताही येणार नाही अशा लोखंडी चौकटीत अडकवतात. त्याऐवजी ऐसपैस खणात भिंतीलगत, जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवा पाइप बसवला, तर मादी आडवी होताना पिल्लांना त्याखाली निसटायला जागा मिळते. नवजात पिल्लाच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते. त्याला 32 ते 34 अंश सेल्सिअसची ऊब लागते, ती न मिळाल्यास ते आईला चिकटून राहते आणि नेमके तेथेच चिरडते. म्हणून खणाच्या कोपऱ्यात पाचट आणि वर एक दिवा हवाच. जन्मतः त्याच्या शरीरात सुमारे 50 मिलिग्रॅम लोह असते, रोजची गरज 7 मिलिग्रॅमची, आणि दुधातून मिळते जेमतेम 1 मिलिग्रॅम. मातीत उकरणारी पिल्ले ही तूट काही अंशी भरून काढतात. सिमेंटवर वाढणाऱ्यांना मात्र पहिल्या काही दिवसांतच लोहाचे इंजेक्शन द्यावे लागते.

डुकराला घाम गाळून अंग थंड करता येत नाही. माण, जत, आटपाडीच्या उन्हाळ्यात सावली आणि दुपारी अंगावर पाणी मिळाले नाही, तर खाणे घटते, आणि नराची प्रजननक्षमता पुढे काही आठवडे मंदावते.

हॉटेलचे खरकटे हे स्वस्त खाद्य खरे, पण आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू डुकराच्या मांसाच्या अवशेषांतही तग धरतो. हा रोग भारतात 2020 साली प्रथम आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आढळला. तो माणसाला होत नाही, मात्र त्यावर उपचार नाही. त्यामुळे खरकटे अर्धा तास ढवळत उकळल्याशिवाय टाकू नये, आणि मका-सोयाबीनच्या या भागात भरड, कोंडा आणि पेंड यांवर भर देणे उत्तम. मोकाट सोडलेली डुकरे मानवी विष्ठा खाऊन पट्टकृमीचे वाहक बनतात. बंदिस्त पालनात ही साखळी तुटते.

खरी गळती विक्रीत होते. अनेकदा व्यापारी नजरेने अंदाज घेऊन नगावर सौदा करतो. छातीचा घेर आणि कानांपासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी मीटरमध्ये मोजावी. घेराचा वर्ग गुणिले लांबी गुणिले 69.3 म्हणजे अंदाजे किलोग्रॅममधील वजन. घेर 1.05 आणि लांबी 1.10 मीटर असेल, तर जनावर सुमारे 84 किलोचे आहे. शिवण्याच्या फितीने होणारे हे काम भावाच्या बोलणीत मोठा फरक पाडते.

राष्ट्रीय पशुधन अभियानात 2021 पासून वराहपालनाला 50 टक्के, कमाल 30 लाख रुपयांपर्यंत अनुदान आहे. पण ते मोठ्या कळपांसाठी आखलेले असल्याने दोन माद्यांच्या घराला सामाईक वजनकाटा आणि गटाने ठरवलेले वाहन अधिक कामाचे. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयासारखी संस्था सातारा जिल्ह्यातच असल्याने अशा गटाला सल्लाही जवळच मिळू शकतो. वाहन ठरवताना अनोळखी डुकरे एकत्र कोंबू नयेत आणि गाडी पहाटेच भरावी. कारण मारामारी आणि भीतीने हादरलेल्या जनावराच्या स्नायूंत कत्तलीनंतर आम्ल झपाट्याने साठते, मांस फिकट पडून पाणी सोडते आणि मुंबई-गोव्याच्या ग्राहकाकडे त्याला भाव मिळत नाही.